मारिनुसचा कॉम्प्युटर रविवार पाळतो

मारिनुस मालयार्सनं अडतीस वर्षं कांद्याच्या वखारीत काढली. बारीक कांदा या पट्ट्यावर, जाडा त्या पट्ट्यावर, सडका खाली पिंपात. नाकानं कांदे सोलायची खोड मात्र त्याला तिथं लागली नव्हती, ती तो जन्माला येतानाच घेऊन आला होता. निवृत्त झाल्यावर निवडायला कांदे उरले नाहीत, तेव्हा त्यानं माणसं निवडायला घेतली. शनिवारी संध्याकाळी सहानंतर कुणाची चादर दोरीवर राहिली, रविवारी कुणाच्या पोरानं सायकल बाहेर काढली, प्रवचन चालू असताना कोण पेंगलं, हे सगळं त्याच्या डोक्यात वेगवेगळं काढून ठेवलेलं असे. सिंट योसडाइक हे समुद्राच्या बांधामागचं गाव. तिथं रविवारचे बटाटेसुद्धा शनिवारीच सोलून पाण्यात टाकतात, म्हणजे देवाच्या दिवशी सुरीला हात लावायला नको. अशा गावातसुद्धा लोक म्हणत की मारिनुस जरा अतीच करतो, यावरून काय ते समजा.

त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. चर्चचा कारभार बघणारे सहा जण असतात, त्यांना आम्ही मंडळीचे वडील म्हणतो. ते काळ्या कोटात व्यासपीठाच्या डाव्या हाताला वेगळ्या बाकावर बसतात. मारिनुसला त्या बाकावर बसायचं होतं. वडिलांनी आजाऱ्याच्या उशाशी बसायचं असतं, मरणाऱ्याला धीर द्यायचा असतो, भावाभावांची भांडणं मिटवायची असतात. यातलं काहीच त्याला जमणारं नव्हतं आणि करायचंही नव्हतं. त्याला फक्त बाक हवा होता. जागा रिकामी झाली की मंडळ दोन नावं सुचवतं आणि पुरुष चिठ्ठ्या टाकतात. मारिनुस गुडघ्याला बाशिंग बांधून दोनदा उभा राहिला आणि दोन्ही वेळा पडला. दुसऱ्या वेळी तर सायकली दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून पडला. त्यानंतर चार दिवस तो बायकोशी बोलला नाही. त्याची बायको याकोमिना सांगते की लग्नाच्या एकेचाळीस वर्षांत तिच्या घराच्या खिडक्या त्या चार दिवसांत निघाल्या तेवढ्या लख्ख कधी निघाल्या नाहीत.

दोन हजार सातच्या वसंतात चर्चच्या बायकांच्या मंडळानं बोलुस, म्हणजे दालचिनीचे चिकट गोड पाव, घरोघर विकले आणि त्यातून चौदा म्युझिक प्लेअर घेतले. शाळेतली पोरं कानात घालून हिंडतात तेच, काड्यापेटीएवढे. गावात त्यांचं नाव डबी पडलं. गावात चौदा जण असे होते की ज्यांना आजारपणानं नाहीतर म्हातारपणानं चर्चपर्यंत येणं होत नव्हतं. रविवारचं प्रवचन ध्वनिमुद्रित करायचं, सोमवारी या डब्यांत भरायचं आणि घरपोच द्यायचं, अशी योजना होती. डबीला एकच बटण. दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. बायकांनी विचार करून वस्तू निवडली होती. फक्त माणूस निवडायचं काम त्यांनी पुरुषांवर सोपवलं.

मारिनुसनं हात वर केला, कारण त्याच्या मुलानं रॉटरडॅमला जाताना जुना कॉम्प्युटर घरी टाकला होता. मुलानं फोनवरून दोन तास डोकं फोडून बापाला शिकवलं, आणि मारिनुसनं एकेक पायरी कागदावर लिहून तो कागद पडद्याशेजारी चिकटवला. त्या कागदाबाहेरचं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण गावात बोलताना तो कॉम्प्युटर स्वतःच बनवल्यासारखा बोले.

आता या डब्या भिंतीतल्या प्लगवर चार्ज होत नसत. कॉम्प्युटरला वायरनं जोडून ठेवायच्या, तरच भरायच्या, आणि म्हाताऱ्यांच्या घरी कॉम्प्युटर कुठला? म्हणून मारिनुस शनिवारी सकाळी सगळ्या गोळा करून आणी, मागच्या खोलीत चौदा वायरींना चौदा डब्या लावी आणि संध्याकाळपर्यंत चार्ज करी. सोमवारी सकाळी त्यात प्रवचन घाली आणि दहाच्या कॉफीच्या वेळेला वाटायला निघे. व्यवस्था चांगली होती. तीत गाढवपणा घालायला मारिनुसच हवा होता.

झालं असं की रविवारी ध्वनिमुद्रण करावं की नाही यावर वडिलांच्या मंडळानं आधीच दोन बैठका घातल्या होत्या. आमच्याकडे रविवारी दोनच प्रकारची कामं चालतात, गरजेची आणि दयेची. गाय दोहणं गरजेचं, आजाऱ्याला पाणी देणं दयेचं. प्रवचन ध्वनिमुद्रित करणं दयेत बसतं, असं शेवटी ठरलं. चार्जिंगबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं. मारिनुसनं न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर स्वतः होऊन दिलं. आपला कॉम्प्युटर रविवार पाळेल, असं त्यानं जाहीर केलं. शनिवारी घड्याळात सहाचे ठोके पडले की तो भिंतीतून प्लग ओढून काढी आणि वायर टेबलाच्या पायाला गुंडाळून ठेवी. डब्या तिकडे कॉम्प्युटरला लटकलेल्याच राहत. घरातला फ्रिज मात्र रविवारी चालू कसा, असं याकोमिनानं एकदा विचारलं, तेव्हा हा विषय बायकांच्या आवाक्यातला नाही, एवढं सांगून तो उठून गेला.

प्लगची गोष्ट त्यानं किराणा दुकानात सांगितली, न्हाव्याकडे सांगितली, डॉक्टरच्या खोलीबाहेर बसून पाय मुरगळलेल्या माणसाला सांगितली. चर्चमध्ये प्रवचन देणारे पाळकसाहेब एकदा बोलता बोलता म्हणाले की मालयार्स फारच काटेकोर आहेत. मारिनुसनं त्यातलं ‘फारच’ गाळलं आणि उरलेलं गावभर फिरवलं. आणि लोक हसता हसता मानूही लागले. राजापेक्षा राजनिष्ठ माणसाची आमच्या गावात चेष्टा करतात, पण मत त्यालाच देतात.

सोमवारी शेवटचं घर नेलामावशीचं असे. पीटरनेला कोपेयान तिचं नाव, चौऱ्याऐंशी वय. नवरा बांधावर दगड रचायच्या कामावर होता, तो जाऊन वीस वर्षं झाली होती. मार्चमध्ये पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि चर्च सुटलं. बाकीचे तेरा जण डबी घेत ती मारिनुसनं वाईट वाटून घेऊ नये म्हणून. नेलामावशी मात्र प्रवचन ऐकायला घेई. आमच्याकडची जुनी माणसं ‘मी तरले’ असं म्हणायला धजत नाहीत. देवानं कुणाला निवडलंय ते देवाला ठाऊक, आपण कानोसा घेत राहायचं. नेलामावशी साठ वर्षं कानोसा घेत होती. आपल्यासाठी एखादा शब्द येतो का, एवढंच तिला ऐकायचं होतं. तेवढ्यासाठी ती सोमवारी स्वच्छ ओढणी डोक्याला बांधून, हात मांडीवर ठेवून खिडकीशी बसे.

आमचे पाळकसाहेब बायबलातल्या कुठल्याही ओळीवर बोलोत, प्रवचनाचे भाग तीनच. पहिल्यात माणसाची दैना, दुसऱ्यात सुटका, तिसऱ्यात कृतज्ञता. दैनेवर ते अर्धा तास सहज घेतात, कारण ती त्यांना चांगली येते. आणि नेलामावशीची डबी दैना संपता संपता बंद पडे. कधी दोन मिनिटं अलीकडे, कधी अगदी टोकाला. कधी पाळकसाहेब ‘दुसरे म्हणजे’ एवढं म्हणत आणि आवाज जाई. मग आठवडाभर ती रोज बटण दाबून बघे. डबीचा दिवा लागल्यासारखा होई आणि विझे.

बाकी कुणी तक्रार का केली नाही? एक म्हातारा पहिल्या पाच मिनिटांत झोपे. एकीला ऐकूच येत नव्हतं. एक जण तर पाळकसाहेब हल्ली आटोपशीर बोलायला लागले म्हणून खूश होता. आणि तक्रार करायची तर मारिनुसकडे करायची, म्हणजे प्लगची गोष्ट पुन्हा ऐकायची.

सप्टेंबरमधल्या एका सोमवारी नेलामावशीनं कॉफीचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि विचारलं, “मारिनुस, सगळ्यांना सारखंच प्रवचन असतं का रे?”

मारिनुसला वाटलं, आपल्या कामाची चौकशी होतेय. तो खुर्चीत ताठ बसला. “शब्दन् शब्द सारखं, मावशी. मी स्वतः भरतो. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.”

“आणि डब्या?”

“एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या. काडीचा फरक नाही.”

तिनं मान हलवली आणि बिस्किटाचा डबा पुढे केला. म्हातारीनं आज तोंडभरून कौतुक केलं, असं त्यानं घरी जाऊन सांगितलं.

ऑक्टोबरच्या शेवटी वडिलांची एक जागा रिकामी झाली आणि मारिनुसचं नाव तिसऱ्यांदा सुचवलं गेलं. समोर योब विस्से, साठ गाईंचा मालक, अबोल आणि चांगला माणूस. रविवारी पहाटे गोठ्यात राबून तो धावतपळत चर्चला येई आणि त्याच्या कोटाला कधीकधी शेणाचा वास येई. मारिनुस त्याच्याविरुद्ध अवाक्षर बोलला नाही. कुणाचं नाव निघालं की तो फक्त म्हणे, माझ्या घरी तर यंत्रसुद्धा रविवारी विसावा घेतं. ऐकणाऱ्याला काय जोडायचं ते तो जोडून घेई. चिठ्ठ्या पडायच्या होत्या गुरुवारी.

त्याआधीच्या रविवारी, सकाळच्या आणि दुपारच्या उपासनेच्या मधल्या वेळात, याकोमिना टेबलावर घालायचा कपडा आणायला मागच्या खोलीत गेली. पडदे ओढलेले होते. ती कपडा न घेताच परत आली, तिनं सूप वाढलं, आणि बसता बसता म्हणाली, “तुझे चौदा गडी कामाला लागलेत आत.”

मारिनुस चमचा ठेवून आत गेला. टेबलाखालच्या अंधारात चौदाच्या चौदा डब्या पेटलेल्या होत्या. प्रत्येकीच्या तोंडावर निळसर उजेड होता आणि प्रत्येक डबी बटण दाबायची वाट बघत होती. कॉम्प्युटरचा प्लग भिंतीतून काढलेला, वायर नेहमीसारखी टेबलाच्या पायाला गुंडाळलेली.

तो मठ्ठ होता, पण इतका नव्हता. वीज येत असते तोवर डबी गपगुमान चार्ज होते. वीज गेली आणि वायर तशीच राहिली की ती जागी होते आणि अंगातलं संपेपर्यंत जळत बसते. एका कॉम्प्युटरला रविवारची विश्रांती द्यायच्या नादात त्यानं सात महिने, दर रविवारी, चौदा यंत्रांना राबवलं होतं. सोमवारी सकाळी प्रवचन भरताना पंधरा-वीस मिनिटं वीज मिळायची, तेवढ्यावर त्या म्हाताऱ्यांच्या घरी जात. तेवढ्यात दैना बसत होती. सुटका बसत नव्हती.

नेलामावशीचा सारखेपणाचा प्रश्न त्याला तिथं उभ्या उभ्या आठवला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. त्यानंतर लगेच गुरुवार आठवला. हे बाहेर फुटलं तर किराणा दुकानापासून न्हाव्यापर्यंत गाव पोट धरून हसेल आणि गाईवाला बाकावर बसेल. वायरी ओढून डब्या बंद कराव्यात, तर ते रविवारी केलेलं काम. न ओढाव्यात, तर चौदा जणी कामावर. त्या खोलीची खिडकी मागच्या रस्त्याकडे होती आणि दुपारी अंधारून आलं की पडद्यातून उजेड दिसला असता. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. मारिनुसनं सरळ दुधावरच फडकं टाकलं. याकोमिना जो कपडा आणायला गेली होती तोच त्यानं डब्यांवर पसरला, कडा खाली खोचल्या आणि सूप प्यायला परत आला.

याकोमिनानं साधा उपाय सांगितला. उद्या दिवसभर चार्ज कर आणि मंगळवारी वाट. मंगळवारी का, असं लोक विचारतील, असं तो म्हणाला. मग सांग, ती म्हणाली. गुरुवार होऊ दे, तो म्हणाला, आणि दुपारच्या उपासनेला काळी टोपी घालून निघाला. तिथं त्यानं स्तोत्र नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं चौदा अर्ध्यामुर्ध्या चार्ज झालेल्या डब्या, अर्ध्यामुर्ध्या आहेत हे माहीत असून, चौदा घरी पोचवल्या.

नेलामावशीनं त्या दिवशी डबी हातात घेतली आणि लगेच सुरू केली नाही. तिला काहीतरी सांगायचं होतं आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं. मारिनुसचं नाव वडिलांसाठी सुचवलंय हे तिच्या कानावर आलं होतं, म्हणून तिला तोच बरा वाटला.

“दुसरा भाग मला येत नाही रे,” ती म्हणाली. “एप्रिलपासून. दैना येते. सुटकेपाशी आवाज जातो. आधी वाटलं, डबीच बिघडलीय. पण तू म्हणालास, सगळ्यांना सारखंच असतं, डब्याही सारख्याच. मग कळलं मला, थांबवणारा कोण ते. इतकी वर्षं विचारत होते. आता उत्तर मिळालं, एवढंच. तू वाईट वाटून घेऊ नकोस.”

मारिनुसला एक वाक्य बोलायचं होतं. मावशी, चार्जिंग संपतं. तीन शब्दांचं काम होतं, शेंबड्या पोरानं केलं असतं. बोलला असता तर त्या बाईचं आयुष्य तिला तिथल्या तिथं परत मिळालं असतं. त्यानं घसा खाकरला, हात पोटावर जुळवले, आणि अजून न मिळालेल्या बाकाचा आवाज काढून म्हणाला, “देवाच्या वाटा आपल्याला कळत नाहीत, मावशी. शांतपणे सोसायचं.”

ती हो म्हणाली. बशीत दोन बोलुस होते. त्यानं दुसरा घेतला.

गुरुवारी मारिनुस एकसष्ट विरुद्ध अडतीस मतांनी निवडून आला. प्लगनं निवडून आणला, यात कुणाला शंका नव्हती. योब विस्सेनं त्याचा हात हातात घेऊन मनापासून अभिनंदन केलं आणि गाई दोहायला गेला. याकोमिनानं घरी एवढंच विचारलं की आता कधी सांगणार. सोमवारी, तो म्हणाला.

शनिवारी पावणेसहाला त्यानं आधी चौदा वायरी डब्यांतून ओढून काढल्या आणि मग सहाला प्लग काढला. वायरींना दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. रविवारी डब्या मेल्यासारख्या गप्प पडून राहिल्या. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा बाकावर बसायला मिळालं. बाक कडक होता, पण मारिनुस जागचा हलला नाही.

सोमवारी याकोमिना दारापर्यंत आली आणि पहिल्यांदा नेलामावशीकडे जा म्हणाली. रस्त्यात मारिनुसनं आपल्या परीनं हिशेब जुळवला. डबी आज भरलेली आहे. मावशी बसेल, दैना ऐकेल, मग सुटका आपोआप येईल. तिला वाटेल, देवाला दया आली. आपल्याला तोंड उघडायलाच नको, सुंठीवाचून खोकला जाईल, आणि वडील म्हणून पहिल्याच भेटीत चमत्कार घडला असं गावात होईल. हा विचार त्याला इतका आवडला की तो सायकलवर शीळ घालायला लागला आणि मग आपण आता वडील आहोत हे आठवून थांबला.

“आज मी बसतो तुमच्याबरोबर,” त्यानं तिला सांगितलं. तिला ते फार मोठं वाटलं. तिनं कॉफी ओतली, कानात बोंडं घातली, बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवले. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला. वीस मिनिटं झाली. तीस झाली. तेहेतिसाव्या मिनिटाला नेलामावशीनं मान जराशी वाकवली, एखादी ओळखीची पायरी आल्यासारखी, आणि अंगठ्यानं बटण दाबलं. कानातली बोंडं काढून तिनं वायर बोटांवर नीट गुंडाळली.

मारिनुसला समजेना. “संपलं?”

“माझं संपलं.”

“अजून दोन भाग आहेत, मावशी. आज आवाज जाणार नाही. ऐका ना.”

“आज चालू राहिला असता, कळलं मला. ‘दुसरे म्हणजे’च्या पुढेही दोन शब्द आले.” ती शांतपणे म्हणाली. “पण जे आपल्या पानात वाढलेलं नाही ते ओढून घेऊ नये, मारिनुस. परीक्षा बघत असतो तो. मी बंद केलं.”

मग त्यानं आयुष्यात केलं नव्हतं ते केलं, आणि तेही अर्धवट केलं. डबीत चार्जिंग नव्हतं, तो म्हणाला. सगळ्यांच्याच डब्या बंद पडत होत्या. रविवारी वायरी लावलेल्या राहायच्या. शनिवारी, म्हणजे प्लग काढला की, म्हणजे तशी चूक कुणाची नाही, पण म्हटलं तर माझी. तो बोलत गेला आणि प्रत्येक वाक्यात जीभ अडखळत गेली. खरं बोलायची सवय नसली की खरंही खोट्यासारखंच तोंडातून निघतं.

नेलामावशी ऐकत राहिली. मग तिनं पुढे वाकून त्याचा हात धरला.

“वडील होऊन चार दिवस झाले, आणि पहिल्याच घरात खोटं बोललास,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “तेही माझ्यासाठी. तू स्वतःच सांगितलं होतंस ना, काडीचा फरक नाही म्हणून? जीव चांगला आहे रे तुझा. लोक तुला कोरडा म्हणतात, त्यांना काय माहीत. पण असं करू नये. देव तुला क्षमा करो.”

जीव चांगला आहे, असं मारिनुसला सहासष्ट वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. आईनंसुद्धा नाही. त्यानं नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मान खाली घातली. कोरड्या माणसाला ओलावा मिळाला की तो कुठून आला हे तो विचारत नाही. क्षमा घेतली, हात हातात राहू दिला, आणि अकराच्या सुमाराला अजून तेरा घरं आहेत म्हणून उठला.

बाराच्या जेवणाला तो घरी आला तेव्हा बटाटे उकळत होते. सांगितलं, तो म्हणाला, पण तिचा विश्वास बसत नाही. याकोमिनानं काय काय झालं ते एकेक करून काढून घेतलं.

“तिनं बंद केलं,” ती म्हणाली, “तर तुझ्या हाताला बटण लागत नव्हतं? बोंडं तिच्या कानात घालता येत नव्हती?”

ती म्हातारी बाई, जबरदस्ती कशी करायची, असं काहीतरी तो पुटपुटला. याकोमिनानं खुंटीवरचा कोट काढला, चपला बदलल्या आणि सायकल घेऊन गेली. जेवणाचं काय, असं त्यानं दारातून विचारलं, तेव्हा ती कोपऱ्यावर वळली होती.

ती अडीचला परत आली. स्वयंपाकघरात धूर होता. गॅस बंद करायचं त्याला सुचलं नव्हतं. ते त्याचं काम नव्हतं.

“ऐकलं का तिनं?” मारिनुसनं विचारलं.

“ऐकलं. दुसरा, तिसरा, सगळे. मी सांगितलं म्हणून ऐकलं. बटण मी धरून बसले होते.”

“मग?”

याकोमिनानं कोट काढला नाही. ती करपलेल्या पातेल्याकडे बघत उभी राहिली.

“मग मला म्हणाली, मारिनुसनं तुलाही पढवून पाठवलं का? फार करतो ग तो माझ्यासाठी.”

मारिनुस काहीतरी बोलणार होता. गप्प बस, ती म्हणाली, आणि नळ सोडून पातेलं घासायला लागली.